मनोऱ्याला पैसा, जिभेला काय?

(परभणी इथं युवक कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे.)



मला भाषण येत नाही. मी मॅट्रिक. मुंबईला गोदीत मजुरी करतो, रात्री जागून कविता लिहितो. गोदीत एक गोष्ट शिकलो ती आधी सांगतो. जहाजातून माल उतरतो तेव्हा क्रेन किती उंच आहे हे कोणी विचारत नाही. माल कोणाच्या नावावर आलाय ते विचारतात. रेडिओचं, टीव्हीचंही तसंच आहे. मनोरा उंच असेल. त्यातून कोणाची जीभ बोलते ते बघायचं.

आमच्या घरात तीन सेलचा एक रेडिओ होता. बापानं ऊसतोडीच्या उचलीतून घेतलेला. सेल उतरले की माय ते उन्हात ठेवायची, म्हणजे अजून दोन दिवस चालायचे. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागायचा. एकरी खत किती, फवारणी कधी. माय भाकरी थापता थापता ऐकायची आणि म्हणायची, "लेकरा, कोणासाठी बोलायलेत रे हे? आपल्याला ना वावर ना बैल." माझ्या मायनं विचारलेला हा प्रश्न मला पुढं कोणत्याच पुस्तकात सापडला नाही.

मोठा झाल्यावर मी एका रेडिओ केंद्रावर कविता घेऊन गेलो. केंद्राचं नाव सांगत नाही, तिथला माणूस वाईट नव्हता. चहा पाजला. म्हणाला, "कविता चांगली आहे, भाषा तेवढी शुद्ध करून आणा." मी म्हटलं, कविता माझ्या मायच्या तोंडची हाय. मायलाबी शुद्ध करून आणू का? तो गप्प बसला. मी कागद घडी करून खिशात घातला आणि उठलो.

माझ्या टोळीत जिंतूरकडच्या तांड्यावरचा एक बंजारा गडी आहे. घरी गोरमाटी बोलतो. त्याला विचारलं, तुझ्या भाषेत रेडिओ कधी ऐकलास? तो हसला. म्हणाला, "आमची भाषा लग्नात गायला आणि मयतीत रडायला. सरकारी कामाला तुमची मराठी." बघा दोस्तांनो. मी ज्या मराठीच्या नावानं रडतोय ती मराठी त्याच्या डोक्यावर बसलीय. घटनेच्या आठव्या अनुसूचीत 22 भाषा आहेत, त्यात गोरमाटी नाही. उतरंडीत आपल्या खालचं मडकं कोणतं, हेही आपण बघितलं पाहिजे. नाहीतर आपली बंडखोरी अर्धीच.

आता पैशाची गोष्ट. आपल्यातल्या पोरांना पैशाचं बोलायची लाज वाटते. चळवळ म्हणजे त्याग, पैसा म्हणजे घाण, असं आपल्याला शिकवलंय. कोणी शिकवलं? ज्यांच्याकडं छापखाने होते त्यांनी. 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढलं. ते निघावं म्हणून छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्या काळचे अडीच हजार! 'केसरी'नं 'मूकनायक'ची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला नकार दिला होता. म्हणजे मुक्याला तोंड फुटायलाही भांडवल लागतं, आणि दुसऱ्याच्या तोंडातून बोलायचं म्हटलं तर तो दार लावून घेतो. 1927 ला 'बहिष्कृत भारत' निघालं, तेही पैशाच्या तंगीतच चाललं. बाबासाहेबांना ही तंगी माहीत होती, म्हणून त्यांनी समाजाकडं पैसे मागायची लाज धरली नाही.

आता जरा लांब चला माझ्यासोबत. कॅनडाच्या उत्तरेला, बर्फात, इन्युइट लोक राहतात. बाहेरचे त्यांना एस्किमो म्हणायचे, जसं आपल्याला गावानं नावं ठेवली. त्यांच्या पोरांना सरकारी आणि मिशनच्या निवासी शाळांत घालून त्यांची भाषा तोंडातून काढून घेतली. 1972 ला कॅनडानं आपला उपग्रह सोडला. त्यानंतर उत्तरेच्या खेड्यांत टीव्हीचे मनोरे उभे राहायला लागले. पैसा सरकारचा, कार्यक्रम दक्षिणेतल्या शहरांचे, भाषा इंग्रजी. घरातली म्हातारी आपल्याच घरात परकी झाली. नातवाच्या डोळ्यासमोर पडदा, आणि पडद्यावर त्याच्यासारखं एकही तोंड नाही.

तेव्हा इग्लूलिक नावाच्या गावानं काय केलं? मतदान घेतलं आणि टीव्ही नाकारला. 1975 ला नाकारला, 1979 ला परत नाकारला. फुकट येणारा टीव्ही! आपल्याकडं फुकट पेटी मिळते म्हटलं की रांग लागते. त्या गावाचं म्हणणं साधं होतं: आमच्या भाषेत नसेल तर नको. रोझमेरी कुप्टाना नावाच्या त्यांच्या बाई पुढाऱ्यानं ह्या बाहेरच्या टीव्हीला न्यूट्रॉन बॉम्बची उपमा दिली होती. तो बॉम्ब इमारती तशाच ठेवतो, माणसं तेवढी मारतो.

ते नुसतं नाही म्हणून थांबले नाहीत. स्वतःची प्रसारण संस्था काढली, 1982 च्या जानेवारीपासून इनुक्टिटुट भाषेत कार्यक्रम सुरू केले. 1983 ला कॅनडा सरकारला उत्तरेतल्या आदिवासी प्रसारणासाठी वेगळी योजना आणावी लागली. चार वर्षांसाठी सुमारे 4 कोटी डॉलर, 13 संस्थांना. पैसा कशासाठी? नुसत्या मनोऱ्यासाठी नाही. कार्यक्रम बनवायला, म्हणजे बोलणाऱ्या माणसासाठी. ह्या झगड्यातूनच पुढं 1 सप्टेंबर 1999 ला त्यांची देशभर दिसणारी वाहिनी उभी राहिली.

पण गोष्ट इथं गोड करून संपवायची नाही. 1990 ला त्याच सरकारनं हात आखडता घेतला. आदिवासींच्या वर्तमानपत्रांना पैसा देणारी एक योजना सरळ बंद केली आणि प्रसारणाच्या पैशालाही कात्री लावली. पत्रं पटापट आजारी पडली. सरकारच्या मर्जीवर मिळालेला पैसा सरकारच्या मर्जीवर जातो. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवा.

आता घरी या. आपल्या परभणीला आकाशवाणीचं केंद्र 1968 साली आलं. त्या केंद्राशी माझं भांडण नाही. उलट मी म्हणतो, मागासलेल्या मराठवाड्यात सरकार एवढ्या वर्षांपूर्वी मनोरा उभा करू शकलं, म्हणजे पैसा उभा करता येतो. प्रश्न पैसा कुठं जातो हा आहे. 2023 च्या जानेवारीत केंद्र सरकारनं आकाशवाणी-दूरदर्शनसाठी 2,539 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ट्रान्समीटर, एफएम, स्टुडिओ, आणि दुर्गम, आदिवासी, सीमेवरच्या भागांत 8 लाखांवर फुकट डिश-पेट्या. कार्यक्रम बनवायचंही नाव त्या योजनेत आहे. पण पेटी कशाची? बघायची. ऐकायची. तुमच्या तोंडापुढं माईक धरणारी पेटी त्यात आहे का, हे विचारा.

कायद्यानं दार बंद नाही. 1995 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. पाण्यासारखी! महाडचं तळं आठवा. पाणी सगळ्यांचं होतंच, ओंजळ घालायची बंदी होती. 2002 ला सरकारनं सामुदायिक रेडिओचा परवाना फक्त शिक्षणसंस्थांना दिला. म्हणजे परत मास्तर बोलणार, आपण ऐकणार. 2006 ला तो लोकांच्या नोंदणीकृत, नफा न कमावणाऱ्या संस्थांना खुला झाला.

त्या ओंजळीचं पहिलं पाणी कोणी उचललं? दलित बायकांनी. परभणीहून परळी, लातूर रोड, उदगीर, बीदर करत रूळ जातात ते झहिराबादला पोचतात. त्याच्याजवळ पस्तापूर गाव आहे, आता तेलंगणात. त्याच भागात 15 ऑक्टोबर 2008 ला संगम रेडिओ सुरू झाला. चालवणाऱ्या बाया दलित, शेतात राबणाऱ्या. बोलतात आपल्या गावच्या तेलुगूत: ज्वारी-बाजरीचं बियाणं, औषधी पाला, जात्यावरची गाणी. त्यांच्याकडं युनेस्कोच्या मदतीनं 1998 लाच सामान आलं होतं. परवाना मिळायला दहा वर्षं गेली. तोवर त्या गप्प बसल्या नाहीत. टेपवर बोलणं भरायच्या आणि गावोगाव संघाच्या बैठकीत वाजवायच्या. लहरी अडवल्या तर कॅसेट पायी नेल्या. आपल्या महाराष्ट्रात साताऱ्याकडं म्हसवडलाही बायांच्या संस्थेनं 2008 लाच असा रेडिओ उभा केला.

मग मराठवाड्यात गल्लोगल्ली असे रेडिओ का नाहीत? तर पोट. सरकारी मदत आहे ती यंत्रांच्या खर्चाचा काही वाटा उचलणारी. परत तेच, क्रेनला पैसा, हमालाला नाही. रोज माईकपुढं बसणाऱ्या पोरीची मजुरी, लाइटबिल, दुरुस्ती कुठून काढायची? म्हणे जाहिरात घ्या. 2024 ला जाहिरातीची वेळ तासाला 12 मिनिटांपर्यंत वाढवली, सरकारी जाहिरातीचा दर 10 सेकंदाला 74 रुपये केला. ठीक आहे. पण तांड्यावर, भीमनगरात कोणता शेठ जाहिरात देणार? राहिली सरकारी जाहिरात. ज्याच्या जाहिरातीवर चूल पेटते त्याच्याविरुद्ध जीभ किती चालते, हे मुकादमाची उचल घेतलेल्या माणसाला विचारा. मी बापाला विचारलंय.

आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. सामुदायिक रेडिओला स्वतःची बातमी देता येत नाही. आकाशवाणीची बातमी लावायला परवानगी आहे, आपली नाही. 10 डिसेंबर 2024 ला ह्याच शहरात, स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पुढं काय काय झालं ते तुम्ही अंगावर घेतलंय, मी सांगायची गरज नाही. 15 डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत गेला. समजा त्या आठवड्यात आपल्या वस्तीत आपला परवानावाला रेडिओ असता. कायद्यानं त्यावर काय लावता आलं असतं? हवामान. भावगीत. शेजारी घडलेलं सांगायला मात्र बंदी. अशा रेडिओला तोंड आहे, आवाज नाही.

कोणी म्हणेल, कॉम्रेड, रेडिओ कशाला, खिशात मोबाइल आहे. आहे ना. मीही त्यावर कविता टाकतो. पण एका फर्मानात नेट बंद होतं. रिचार्ज संपला की आवाज संपतो. आणि आपलं कोणाला दाखवायचं, कोणाला नाही, हे कंपनी ठरवते. परवान्याच्या रेडिओचा मनोरा बारका, 100 वॉटचा. पण माझी माय भाकरी थापता थापता ऐकू शकेल, तिला वाचता येत नसलं तरी.

म्हणून मागणी तीन ओळींची. एक: पैसा यंत्राला द्या तसा माणसाला द्या, दरसालचा, मजुरीसकट. दोन: तो मंत्र्याच्या मर्जीवर नको, कायद्यात लिहून द्या, म्हणजे 1990 च्या कॅनडासारखी कात्री लागणार नाही. तीन: आपली बातमी आपल्या तोंडानं सांगायचा हक्क. आणि हे गोरमाटीलाही, वडारीलाही, पारधीलाही. फक्त आपल्यापुरतं मागाल तर मी तुमच्याबरोबर नाही.

मागणी मान्य होईपर्यंत काय करायचं? पस्तापूरच्या बायांनी केलं ते. परवा रविवारी मी गोदीत परत जाणार. त्याआधी फोनवर मायचं बोलणं भरून घेणार आहे. दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडल्याचं, गावच्या विहिरीचं, तिच्या ओव्यांचं. शुद्ध करणार नाही. तुम्ही आपापल्या मायचं भरा. पुढच्या बैठकीत इथं कोणाचं भाषण ठेवू नका. त्या बाया वाजवा.

तिचा प्रश्न अजून तसाच आहे, "कोणासाठी बोलायलेत रे हे?" एक दिवस तिला रेडिओतून उत्तर ऐकू आलं पाहिजे, "तुझ्यासाठी, माय. आणि बोलायलीस बी तूच."

जयभीम.