बॉइलच्या घरांतील थोरली लेंक : मार्गारेट कझिन्सबाई
(महोत्सवाच्या सभेंत दिलेलें भाषण)



आजच्या सभेंत मीं आपल्या आद्य मिशनरींविषयीं बोलावें, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु तो विषय इतर वक्त्यांकडे सोंपवून मी एका आयरिश बाईची व तिच्या घराण्याची हकीकत सांगणार आहें. ही बाई आपल्या चर्चची नव्हे. जन्मानें ती मेथडिस्ट, पुढें थिऑसफिस्ट झाली. आणि तिच्या थिऑसफीशीं माझें मुळींच पटत नाहीं, हें आधींच सांगून टाकतों, म्हणजे मागाहून कोणीं शंका काढावयास नको. तरीपण ज्यांच्या घरीं मुली आहेत अशा आईबापांनीं ऐकण्याजोगी ती हकीकत आहे.

आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यांतील बॉइल या लहानशा गांवीं ७ नोव्हेंबर १८७८ रोजीं मार्गारेट एलिझाबेथ गिलेस्पी हिचा जन्म झाला. महादुष्काळाची आठवण तेव्हां त्या देशांत अजून ताजी होती. १८४५ पासून बटाट्याचें पीक वर्षामागून वर्ष कुजत गेलें. १८४१ सालीं एक्याऐंशी लाखांहून अधिक असलेली आयर्लंडची लोकसंख्या १८५१ सालीं सुमारें पासष्ट लाखांवर आली. कित्येक उपासानें व तापानें मेले, कित्येक जहाजांत बसून अमेरिकेस गेले. आपल्यांतील ज्या वडीलधाऱ्यांनीं १९७२ सालीं दुष्काळी कामावर खडी फोडली आणि सुकडी खाल्ली, त्यांना भुकेची फोड करून सांगण्याची गरज नाहीं.

त्या मुलखांतील बहुसंख्य रयत कॅथलिक; राज्य मात्र लंडनचें. गिलेस्पी कुटुंब या दोहोंच्या मधोमध उभें होतें. वडील जोसेफ गिलेस्पी हे तेथील लहान कोर्टांत कारकून, म्हणजे सरकारचे चाकर. पंथानें मेथडिस्ट, आणि आयर्लंडनें ब्रिटनशीं जोडूनच राहावें अशा मताचे. आईचें नांव ॲनी, माहेरचें आडनांव शेरा. या दांपत्यास पंधरा मुलें झालीं, आणि मार्गारेट त्यांत सर्वांत थोरली. पंधरा भावंडांची थोरली बहीण! तिचें बालपण कोठें जातें, हें आपल्या आजीबाईंना विचारा. पाळण्याची दोरी हातांतून सुटत नाहीं. अशा लेंकुरवाळ्या घरांतून ही मुलगी डेरी येथील व्हिक्टोरिया हायस्कुलांत गेली, पुढें डब्लिनला संगीत शिकली आणि १९०२ सालीं संगीताची पदवीधर झाली. त्या काळीं कारकुनाच्या मुलीला ही मजल सोपी नव्हती.

१९०३ सालीं जेम्स कझिन्स या कवीशीं त्यांचा विवाह झाला. १९०८ सालीं हॅना शीही-स्केफिंग्टन यांच्या जोडीनें त्यांनीं स्त्रियांच्या मताधिकारासाठीं संस्था काढली. हॅनाबाई कॅथलिक, राष्ट्रवादी घरांतील. मार्गारेटबाई सरकारनिष्ठ प्रॉटेस्टंट घरांतील. दोघींच्या वडिलांनीं एका पंक्तीस बसणेंहि कठीण, पण लेंकी एका कामांत रमल्या. १९१३ च्या जानेवारींत डब्लिनच्या सरकारी किल्ल्याच्या कांचा फोडल्याबद्दल मार्गारेटबाईंना टलामोरच्या तुरुंगांत महिनाभर राहावें लागलें. कोर्टाच्या कारकुनाची लेंक सरकारच्या कांचा फोडते! दगडफेकीची तरफदारी मी करीत नाहीं. पण त्या घरीं त्या दिवशीं काय बोलणें झालें असेल, याचा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

१९१५ सालीं हें जोडपें मद्रास इलाख्यांतील मदनपल्ली येथें आलें. आयर्लंडांत ज्याला होमरूल म्हणत, तोच शब्द घेऊन लोकमान्यांनीं १९१६ सालीं बेळगांवास आपला संघ स्थापिला. तेव्हां बाईंना येथील राजकारण परकें वाटण्याचें कारण नव्हतें. १९१७ च्या डिसेंबरांत भारतीय स्त्रियांना मताधिकार द्यावा, अशी मागणी घेऊन एक शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलें. तें जमविण्याची खटपट कझिन्सबाईंची, पण पुढारीपण सरोजिनी नायडू यांचें. सरोजिनीबाई हैदराबादच्या, म्हणजे आपलें औरंगाबाद तेव्हां ज्या राज्यांत होतें, त्याच्या राजधानींत जन्मलेल्या.

पुण्यासहि हेंच घडलें. १९२६ सालीं बाईंनीं देशभरच्या स्त्रियांना पत्रें धाडलीं, कीं मुलींना कोणतें शिक्षण हवें तें स्त्रियांनींच एकत्र बसून ठरवावें. त्यांतून १९२७ च्या जानेवारींत पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत अखिल भारतीय महिला परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. पुण्याला हा प्रश्न नवा नव्हता. जोतिराव व सावित्रीबाई फुले यांची शाळा १८४८ ची, रमाबाई रानड्यांचें सेवासदन १९०९ चें, कर्व्यांचें महिला विद्यापीठ १९१६ चें. नवें हें होतें कीं प्रांतोप्रांतींच्या स्त्रिया आपल्या मुखानें बोलूं लागल्या. अध्यक्षस्थानीं बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या. सभेनें बालविवाहाचा निषेध केला. १९२९ सालीं शारदा कायदा झाला आणि मुलींच्या लग्नाचें किमान वय चौदा ठरलें. दिल्लींतील लेडी आयर्विन कॉलेज १९३२ सालीं निघालें, तेंहि याच परिषदेच्या प्रयत्नानें. त्याच सालीं सरकारी वटहुकुमांविरुद्ध भाषण केल्यामुळें बाईंना एक वर्षाची शिक्षा झाली व त्या वेल्लोरच्या तुरुंगांत गेल्या.

१९३६ सालीं परिषदेनें त्यांनाच अध्यक्ष केलें. पण पतीसह लिहिलेल्या व १९५० सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तांत त्या कबूल करतात कीं, चळवळींत उडी घ्यावी असें मनापासून वाटे, पण भारतीय भगिनी पुढें आल्या असतां आपली गरज उरली नाहीं, किंबहुना ती त्यांना नकोशी वाटेल, हें त्यांनीं ओळखलें होतें. मला त्यांच्या सर्व तुरुंगवासाहून हें अधिक अवघड वाटतें. आम्हां पाद्र्यांना बदलीचा हुकूम तरी येतो. कझिन्सबाईंना कोणीं हुकूम केला नव्हता. वैजापूर-गंगापूरच्या खेड्यांतून राबलेल्या परदेशीय पाद्र्यांनींहि एके दिवशीं किल्ल्या येथील माणसांच्या हातीं दिल्या, आणि १९७७ सालीं आपला धर्मप्रांत स्थापन झाला. देणाऱ्याला तो दिवस किती जड गेला असेल, हें अहवालांत लिहिलेलें नसतें.

१९४३ सालीं बाईंना अर्धांगवायूचा झटका आला. त्या आधीं चोवीस वर्षें, १९१९ सालीं, रवींद्रनाथ ठाकूर मदनपल्लीस उतरले असतां त्यांनीं आपलें एक गीत गाऊन दाखविलें होतें, आणि डब्लिनला शिकलेल्या या संगीताच्या पदवीधर बाईंनीं त्याची स्वरलिपि तयार केली होती. २४ जानेवारी १९५० रोजीं तें गीत आपलें राष्ट्रगीत ठरलें. बाई तेव्हां हयात होत्या. ११ मार्च १९५४ रोजीं अड्यार येथें त्या वारल्या. सभा संपतांना आपण तें गीत म्हणणारच आहोंत.