विमानतळाच्या अलीकडची गोष्ट



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने आधी आभार मानायचे आणि मग मराठीच्या भवितव्याची चिंता करायची, असा प्रघात आहे. आभार मनापासून मानतो. चिंता मात्र आज वेगळी करणार आहे. परदेशी गेलेल्या भारतीयांवर एवढे सिनेमे निघाले, पण त्यांतला माणूस आपल्या रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन-म्हसळ्यात कुणाच्या ओळखीचा का वाटत नाही?

१९७० च्या ‘पूरब और पश्चिम’ने लंडनची भारतीय मुलगी दाखवली ती सोनेरी केसांची, सिगारेट ओढणारी, वाया गेलेली. १९९५ साली ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएँगे’ने त्याच लंडनचा मुलगा इथल्यांपेक्षा संस्कारी करून टाकला. मधल्या पंचवीस वर्षांत माणसे बदलली असतीलही, पण त्याहून जास्त बदलली ती तिकीटबारी. पौंड-डॉलर येऊ लागले आणि निर्मात्यांना विलायतेचा जावई पसंत पडला. त्या सिनेमातला बलदेवसिंग, लंडनमध्ये दुकान चालवणारा आणि कबुतरांना दाणे टाकणारा, मला खरा वाटतो. पण दिग्दर्शकाला घाई मोहरीच्या शेतात पोचायची. ‘इंग्लिश विंग्लिश’मधली शशी गोडबोले आपली खरी, पण ती न्यूयॉर्कला लग्नासाठी गेलेली पाहुणी.

आपल्या किनाऱ्यावरची माणसे अशी गेलीच नाहीत. आधी बोटीवर खलाशी म्हणून गेली, पुढे आखातात गेली. गावात म्हणतात, ‘तो सौदीला असतो.’ एवढ्या वाक्यात त्याचे सगळे आयुष्य येते. मुरुडपासून बाणकोटच्या खाडीपर्यंत कुठल्याही एस.टी. स्टँडवर थोडा वेळ थांबा. दोरीने आवळलेले पुठ्ठ्याचे खोके टपावरून किंवा डिकीतून उतरते. त्यावर ठळक अक्षरांत नाव, गाव, तालुका. आत ब्लँकेट, दुधाची पावडर, अत्तराच्या बाटल्या. खोक्यामागून उतरणारा माणूस दोन वर्षांनी सुट्टीवर आलेला असतो आणि धाकटे पोर त्याच्याकडे जायला तयार नसते. त्याने बांधलेल्या घराला रंगीत फरशी असते, गॅलरीला नक्षीचे कठडे असतात, आणि वर्षातले बहुतेक महिने माडीवरच्या खोल्या बंद असतात. त्या घराचा कारभार बाई चालवते: शाळा, दवाखाना, सासऱ्यांचे औषध, गवंड्याशी भांडण, एजंटाचे उरलेले पैसे. हिंदी सिनेमा विमान उतरल्यावर सुरू होतो. आपली गोष्ट विमानतळाच्या अलीकडे घडते.

दुसरी गोष्ट तर जवळजवळ कुणाला ठाऊक नाही. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश चालला, असे इथले बेने इस्रायली यहुदी सांगतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, चेऊलकर, रोहेकर ही त्यांची आडनावे म्हणजे या जिल्ह्याचा नकाशाच. १९३१ सालचा पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ ज्यांच्या नाटकावरून निघाला ते जोसेफ डेव्हिड पेणकर. ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, पुढे ते कॅनडात गेले. सिनेमाला एवढे देणारा हा समाज १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. त्यांतल्या काहींना तिथे कमी लेखले गेले, तेव्हा १९५१-५२ मध्ये त्यांनी तेल अवीवमध्ये धरणे धरले, ‘आम्हाला भारतात परत पाठवा’ म्हणून. काहीजण खरोखरच विमानाने मुंबईला परतले, आणि पुढे पुन्हा इस्रायलला गेले. पुढच्या दशकात त्यांच्या यहुदीपणावरच धर्मपीठाने शंका घेतली, लग्ने अडली, तेव्हा पुन्हा आंदोलन झाले. मायदेश म्हणून जिथे गेलो तिथे परके ठरलो आणि जिथून निघालो तिथे कधी परके नव्हतो, असा पेच कुठल्या पटकथाकाराला सुचला असता? माहितीपट झालेत. कथापट माझ्या पाहण्यात नाही.

दिग्दर्शकांना दोष देणे सोपे आहे, पण मल्याळी लोकांकडे पाहा. १९८० साली आखाती स्थलांतरावरच्या ‘विल्क्कानुंडु स्वप्नंगळ’ची पटकथा एम. टी. वासुदेवन नायर यांनी लिहिली. २०१५ च्या ‘पथेमारी’त फत्तेमारीतून चोरून दुबईला गेलेला नारायणन आयुष्यभर राबतो, पैसे पाठवत राहतो आणि घरच्यांना त्याच्या खोलीची कल्पनाही नसते. २०२४ चा ‘आडुजीवितम्’ आला तो बेन्यामिन यांच्या २००८ च्या कादंबरीवरून, आणि बेन्यामिन स्वतः बहारीनमध्ये नोकरीला होते. म्हणजे तिथे कॅमेऱ्याच्या आधी लेखक पोचला होता.

आपण काय लिहिले? अमेरिकेची प्रवासवर्णने भरपूर. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ने मुलांची वाट पाहणारे आईबाप रंगभूमीवर आणले, ते मोठेच काम. पण ते आईबाप शहरी, पांढरपेशे. म्हसळ्याच्या कोकणी मुसलमान घरातली बोली मराठी पुस्तकात कितीदा भेटते? आगरी-कोळी घरातला बोटीवर गेलेला मुलगा? सिनेमावाले अलिबागला येतात, बंगल्यात पार्टीचे दृश्य टिपतात आणि मांडव्याहून परत जातात. त्यांना शेजारच्या गावची गोष्ट कोणी सांगायची? इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरातले कुणी आखातात आहे, त्यांनी निदान एक काम करावे. परत आलेल्याची मुलाखत नंतर घ्या. आधी घरातल्या बाईला विचारा, ज्या महिन्यात पैसे आले नाहीत तेव्हा तुम्ही काय केलेत? उत्तर जसेच्या तसे, तिच्याच बोलीत लिहून घ्या.