आवाजाचे समान वाटप



पगार, बोनस आणि कामाचे तास यांवर बोलणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने आज घरातल्या स्पीकरांवर का बोलावे, असे आपल्या मनात आले असेल. कारण साधे आहे. आमच्या कामगारांच्या घरी आता मोठा टीव्ही आणि त्याभोवती पाच-सहा स्पीकर आले आहेत. हप्त्यावर, हौसेने घेतलेली ही वस्तू. पण तिच्यापायी घरात कटकट सुरू होते. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तोच पडद्यावर स्फोट होतो आणि शेजारी भिंत ठोकतो. तंटे मिटविणे हे माझे कामच असल्यामुळे मी या विषयावर मिळेल ते वाचले. शाळा मी लवकर सोडली. तेव्हा मला समजले तेवढेच सांगतो.

पडद्याच्या डाव्या-उजव्या बाजूंस एकेक स्पीकर, मधोमध एक, ऐकणाऱ्याच्या बाजूंस किंवा किंचित मागे दोन, आणि खर्जासाठी एक सबवूफर. या मांडणीला ५.१ म्हणतात. चोहोबाजूंनी आवाज देण्याची कल्पना जुनी आहे. डिस्नेच्या १९४० सालच्या 'फँटेशिया' चित्रपटासाठी तशी खास योजना केली होती, आणि १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर डॉल्बी डिजिटल चित्रगृहांत आले. चांगल्या चित्रगृहात जाणकार माणूस प्रत्येक स्पीकर मोजून लावतो. घरी मात्र खोके उघडले, तारा जोडल्या की काम संपले असे आपण समजतो.

आता पुष्कळांना वाटते की सर्व स्पीकरांचा आकडा सारखा ठेवला म्हणजे समता झाली. दोन कामगारांच्या पगारचिठ्ठीवर वरची रक्कम सारखी असली, तरी कपात होऊन हातात काय पडते ते आम्ही पाहतो. इथेही तसेच पाहावे. मागचा स्पीकर तुमच्यापासून चार फुटांवर आणि पुढचा आठ फुटांवर असतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंती तो परतवितात म्हणून थोडा कमी उतरतो, पण उतरतो. शिवाय तेवढ्याच विजेवर एक स्पीकर मोठ्याने बोलतो, दुसरा हळू. म्हणून माप घ्यायचे ते कानाच्या जागी.

त्याची रीत अवघड नाही. बहुतेक रिसीव्हरांत चाचणीचा आवाज असतो. धबधब्यासारखा एकसारखा, आणि तो एकेका स्पीकरातून पाळीपाळीने येतो. पंखा बंद करावा. आवाज मोजण्याचे मीटर नेहमीच्या बसण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर, स्टँडवर ठेवावे. हातात धरू नये, कारण आपले शरीरही आवाज परतविते. मीटरवर 'सी' आणि 'स्लो' या खुणा निवडाव्या. मग प्रत्येक स्पीकरची पातळी अशी कमीजास्त करावी की सर्वांचे माप ७५ डेसिबल यावे. मीटर नसल्यास मोबाइलचे अ‍ॅप पाच स्पीकरांची आपसांत तुलना करण्यापुरते चालते. सबवूफरसाठी मात्र त्यावर विसंबू नये. मोबाइलचा माइक खोल खर्ज नीट पकडत नाही.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की खर्ज फुगतो, म्हणून त्याची जागा ठरवून मगच मोजावे. आणखी एक गोष्ट. हळू आवाजात आपला कान खर्जाला मंद असतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ साली मोजून दाखविले. त्यामुळे रात्री खर्ज वाढवावासा वाटतो. पण भिंतीतून पलीकडे जातो तो खर्जच. आपल्या देशातील २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पलीकडच्या खोलीत कुणी पहाटपाळीला जायचे असते, हे विसरू नये.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत जवळचा. ज्याने तीस वर्षे मागाच्या खडखडाटात काढली, त्याच्या कानांतून आधी उंच स्वर जातात. स, श, फ असली अक्षरे निसटतात. त्याला आवाज येतो, शब्द कळत नाहीत. आणि घरचे म्हणतात, म्हातारा लक्ष देत नाही. तो सगळाच आवाज वाढवितो. त्याने संवादाबरोबर स्फोटही वाढतात आणि उरलेल्या कानांवर भार पडतो. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा सांगतात. पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते.

संवाद बहुतेक मधल्या स्पीकरातून येतात. सर्व स्पीकर आधी बरोबरीला आणून मग एकटा मधला दोन-तीन डेसिबलने वाढवावा. ज्याचे कष्टात गेले त्याला थोडे अधिक देणे समतेच्या विरुद्ध नाही. त्याबरोबर त्याचे कान डॉक्टरकडून तपासून घ्यावेत. स्पीकर हे काही औषध नव्हे.

तेव्हा उद्याच घरी अर्धा तास काढा, मीटर ठेवा, आणि मोजताना घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवून विचारा, "शब्द कळतात का?" एवढे सांगून मी आपली रजा घेतो.