मुलाखतीत मान वर ठेवून बोला
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू अंकलेश्वरला इतकी वर्षं कामगार भरतीच्या मुलाखती घेतल्यास. मुलाखतीत कसं वागावं यावर दहा मिनिटं बोल." आपल्या बहुतेकांच्या मुलाखती आता देऊन झाल्या. पण आपली मुलं, पुतणे, भाच्या आता त्या खुर्चीत बसणार आहेत. मी बोलतोय ते त्यांच्यासाठी. तुम्ही घरी जाऊन त्यांना सांगा.

खापरहून महामार्गाने निघालं की डेडियापाडा, नेत्रंग करत आपली मुलं अंकलेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत पोचतात. आयटीआय झालेली असतात, हाताला काम येत असतं. टेबलापुढे बसली की मात्र मान खाली जाते आणि उत्तर एका शब्दात येतं. मोठ्यांसमोर नजर वर करू नये, स्वतःचं कौतुक स्वतः सांगू नये, हे आपल्या घरचं वळण. घरात ते शोभतंच. पण समोरचा साहेब बडोद्याचा, नाहीतर मुंबईचा. त्याला हा आदर वाटत नाही, याला काही येत नाही असं वाटतं. तो कागदावर शेरा मारतो आणि पुढच्याला हाक देतो.

म्हणून पहिली गोष्ट, नमस्कार करून, बसायला सांगितल्यावर बसावं आणि विचारणाऱ्याकडे बघून बोलावं. एका वाक्यात उत्तर, दुसऱ्या वाक्यात त्याचा दाखला. "वेल्डिंग येतं" एवढ्यावर थांबू नये. कुठे केलं, किती दिवस केलं, काय जोडलं, तेही सांगावं.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या घरांत वसावी, देहवली, पावरी, अहिराणी, गुजरी बोलतात. शाळेत मराठी, बाजारात गुजराती, कंपनीत हिंदी. इतक्या भाषा समजणारं पोर इंग्रजी अडलं म्हणून गप्प बसतं! "साहेब, हिंदीत सांगू का?" एवढं विचारायला लाजू नये. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण 2025 गुणांपैकी 275 मुलाखतीचे असतात, आणि लेखी परीक्षा मराठीतून दिली असेल तर तीही मराठीतून देता येते. तिथे चालतं, तर कंपनीच्या दारात कसली लाज?

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड. "हे एक वर्ष मध्ये रिकामं का?" हा प्रश्न आला की आपली मुलं गडबडतात. कोणी आजारपण सांगतं, कोणी काहीच सांगत नाही. खरं कारण आपल्याला ठाऊक आहे. घरचे ऊसतोडीला गुजरातेत गेले, पोरगंही बरोबर गेलं. एका मुलाने माझ्यासमोर सरळ सांगितलं, "साहेब, टोळीबरोबर होतो. मुकादमाकडची उचल आणि रोजच्या गाड्यांचा हिशेब वहीत मीच लिहायचो." आम्ही त्याला भांडारात घेतलं, कारण हिशेब ठेवणारा माणूसच आम्हाला हवा होता. खोटं सांगितलं असतं तर दुसऱ्याच प्रश्नाला अडकला असता.

डॉ. राजेंद्र भारुड आपल्या नंदुरबारचे जिल्हाधिकारी होते. साक्री तालुक्यातल्या सामोडे गावच्या भिल्ल कुटुंबातला हा मुलगा. आई मोहाची दारू विकून घर चालवायची, हे त्यांनी ‘मी एक स्वप्न पाहिलं’ या पुस्तकात स्वतः लिहिलं. जे जगलो ते सांगायला कमीपणा नाही.

जे येत नाही तेही असंच सांगावं. "हे मला माहीत नाही, शिकेन," एवढं पुरे. अंदाजाने ठोकून देणाऱ्या माणसाला रसायनाच्या कारखान्यात कोणी व्हॉल्व्हला हात लावू देत नाही.

बाकी गोष्टी साध्या आहेत. सकाळी नऊची वेळ असेल तर आदल्या दिवशीच निघावं, बसच्या भरवशावर राहू नये. मूळ कागदपत्रं आणि झेरॉक्सचे दोन संच एका फाईलमध्ये लावावेत. आधार कार्ड आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळतं का, ते आधीच पाहावं. कपडे नवे नसले तरी धुतलेले, इस्त्रीचे असावेत. मोबाईल बंद. पगाराचं विचारलं तर खोलीभाडं, जेवण, जाणं-येणं यांचा हिशेब घरून करून जावा. निवड झाली नाही तरी "आभारी आहे, साहेब" म्हणून उठावं. पुढच्या वेळी तोच साहेब समोर असू शकतो.

केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून गट ‘क’, गट ‘ड’ आणि गट ‘ब’ अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. त्यामुळे काहींना वाटतं, आता तयारी कशाला? पण सरकारी जागा किती आणि मुलं किती! बाकीच्यांना खासगी कंपनीचं दारच ठोठवावं लागणार.

शेवटी एक मागणं. गुरुजनांनी परवानगी दिली तर महिन्यातून एका रविवारी शाळेच्या एका वर्गात टेबल मांडू. आपल्यातला कोणी बँकेत आहे, कोणी एसटीत, कोणी दवाखान्यात. दोघा-तिघांनी साहेब होऊन बसायचं आणि बारावीच्या, आयटीआयच्या मुला-मुलींना प्रश्न विचारायचे. पहिल्यांदा ती घाबरतील, तिसऱ्या रविवारी बोलायला लागतील. घाबरायचं ते आपल्यासमोर घाबरून होऊ दे. पहिल्या रविवारी मी येतो. माझ्याबरोबर कोण येणार, त्यांनी जेवणाआधी नाव सांगावं.