ताटात काय, हे ठरवतं कोण?

(मालेगाव येथे फेडरेशनच्या सभेत केलेले भाषण)



मी कॉलेजातून नवीन आले तेव्हा वाटायचं, कोण वशाट खातं आणि कोण नाही, हे जातीवरून ठरतं, विषय संपला. तुमच्या ओट्यांवर बसून चहा पिता पिता समजलं, असं नसतं. कोणी माळ घातली म्हणून सोडलं. आपल्याच तालुक्यात शिरपूरला जैन मंडळी कांदा-बटाटाही टाळतात. एक मावशी म्हणाली, हातानं चारा घातलेलं बोकड कापलं, तेव्हापासून घासच उतरत नाही. कोणी सासरी येऊन सोडलं, तर कोणाला सासरी येऊन शिकावं लागलं. आणि पुष्कळ जणींचं कारण साधं आहे, मटणाचा भाव!

आता माझी चूक सांगते. एका गावात एका ताईंचं एचबी आठ निघालं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "ताई, माळ ठेवा काढून, अंडी खा." त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत. घरी गेले तेव्हा म्हणाल्या, "पोरी, ही माळ मायबापाच्या धाकानं नाही घातली. वारीला स्वतःच्या पायानं गेले तवा घातली." मला मान वर करता येईना.

मग आम्ही दोघी त्यांच्या चुलीपुढे बसलो. सोयाबीन आपण पोत्यानं विकतो, घरात मात्र शिजवत नाही. शंभर ग्रॅममध्ये ३६ ते ४० ग्रॅम प्रथिनं असतात त्यात! नऊ किलो गव्हात एक किलो भाजलेलं सोयाबीन टाकून दळायचं. कच्चं नाही, भाजूनच. पालेभाजीवर लिंबू पिळायचं, जेवणावर लगेच चहा नको. बी-१२ भाजीपाल्यात मिळत नाही, म्हणून दूध-दही हवं; तेही जमत नसेल तर डॉक्टरांना विचारायचं. उपकेंद्रातल्या लोहाच्या गोळ्या तर आहेतच. माळ गळ्यातच राहिली.

पण दुसरं घर ऐका. तिथं दर रविवारी कोंबडी शिजते. पुरुष जेवतात, पोरं जेवतात, मग सून बसते. तिला रस्सा. विचारलं तर म्हणते, "मला फोडी आवडतच नाहीत." मी तिलाही आधी खाणाऱ्यांतच मोजलं होतं. तिचंही रक्त कमीच आहे.

तुमच्यातल्या काही जणी शाळेचं जेवण शिजवतात. २०२३ च्या नोव्हेंबरात सरकारनं आठवड्याला एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्या लेकराला केळं किंवा फळ. २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबला; आता द्यायचं तर लोकसहभागातून. तुमच्या गावात तसं ठरलं, तर आयांना आधी विचारा. अंडं खाणारी एका पंगतीत आणि केळं खाणारी दुसऱ्या, असं मात्र बसवू नका.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं एवढंच सांगायचं: काल रात्री घरात शेवटी कोण जेवलं आणि तिच्या ताटात काय होतं. भाजलेलं सोयाबीन मी आणते. जातं तुमचं.