झाड उपटून नेऊ नका : चालू मशीन हलवताना आतल्या ट्रीचं काय होतं?

खडकीहून बोलतोय. मध्येच लोकलचा आवाज आला तर सांभाळून घ्या, स्टेशन जवळ आहे.

आजचा विषय नावाने जड आहे. ट्री नावाचं डेटा स्ट्रक्चर एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर कसं न्यायचं? तेही व्हर्च्युअल मशीन चालू असताना. कोडचा स्क्रीनशॉट दाखवता येत नाही, त्यामुळे सगळं तोंडी सांगणार आहे. पाहिजे तिथे पॉज करा, वहीत आकृती काढा.

आधी थोडी पार्श्वभूमी. तुम्ही एखादं ॲप वापरताय. त्याचा सर्व्हर म्हणजे बऱ्याचदा एक व्हर्च्युअल मशीन असतं. मोठ्या खऱ्या मशीनवर अशी अनेक मशीनं भाडेकरूंसारखी राहतात. खऱ्या मशीनची दुरुस्ती निघाली की भाडेकरूंना दुसऱ्या इमारतीत हलवावं लागतं, आणि त्यांची झोप मोडता कामा नये. याला लाइव्ह मायग्रेशन म्हणतात. केंब्रिजच्या संशोधकांनी २००५ साली एक पेपर मांडला. त्यात त्यांनी चालू गेम सर्व्हर हलवून दाखवला आणि प्रत्यक्ष खंड पडला तो फक्त ६० मिलिसेकंदांचा. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

हे जमतं कसं? मशीन चालू असतानाच तिची मेमरी तिकडे कॉपी होत राहते. मधल्या वेळात जे बदललं ते पुन्हा पाठवतात. शेवटी क्षणभर मशीन थांबवायची, उरलंसुरलं पाठवायचं आणि तिकडे चालू करायची. लिनक्सच्या दुनियेत हे काम मुख्यतः क्यूएमू नावाचा प्रोग्राम करतो. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये सुरू केलेला, ओपन सोर्स. त्यात हा शेवटचा खंड साधारण ३०० मिलिसेकंदांच्या आत बसवायचा, असं डिफॉल्ट सेटिंग आहे.

आता खरी गोम. भाडेकरूच्या घरातलं सामान जसंच्या तसं जातं. व्हर्च्युअल मशीनच्या आत हजार ट्री असू देत, काही करावं लागत नाही, कारण तिला दिसणारे मेमरीचे पत्ते दोन्हीकडे तेच राहतात. पण वॉचमनची वही? ती भाडेकरूची नसते, इमारतीची असते. क्यूएमू हाच तो वॉचमन. त्याच्या स्वतःच्या मेमरीतही ट्री असतात, आणि त्या आपोआप जात नाहीत.

एक खरं उदाहरण घेऊ. व्हर्चिओ-आयओएमएमयू नावाचं एक आभासी डिव्हाइस आहे. मशीनमधल्या नेटवर्क कार्डाला मेमरीच्या कुठल्या भागात लिहायची परवानगी आहे, हे ते सांभाळतं. 'या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंत, खरी जागा ही, परवानगी ही' अशा नोंदी क्यूएमू एका ट्रीमध्ये ठेवतो. हलवताना एक नोंद गळली तर कार्डाचं काम अडतं. एक नोंद चुकली तर कार्ड भलत्याच जागी लिहून बसतं, आणि ते लगेच कुणाला कळतही नाही. दोन दिवसांनी कुठला तरी डेटा खराब निघतो आणि सगळे कपाळाला हात लावतात.

मग ट्री थेट कॉपी का करत नाहीत? कारण ट्री पॉइंटरने जोडलेली असते. प्रत्येक नोड म्हणतो, 'माझं डावं पोर अमुक पत्त्यावर, उजवं तमुक पत्त्यावर.' हा पत्ता म्हणजे 'स्टेशनसमोरची गल्ली, पिंपळाच्या उजवीकडे' असा असतो. खडकीत चालेल, नागपुरात भलत्याच घरात नेऊन सोडेल.

याउलट पिन कोड बघा. आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. खडकीचा पिन ४११००३. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा. ४११ म्हणजे पुणे. शेवटचे ००३ म्हणजे खडकी पोस्ट. पत्र कुठूनही टाका, अर्थ तोच. पोर्टेबल म्हणजे हेच : पाठवलेल्या गोष्टीचा अर्थ पाठवणाऱ्याच्या जागेवर अवलंबून नसावा.

तर मग पाठवायचं काय? इथे वही उघडा.

तीन स्टेशनं घ्या : दापोडी, खडकी, शिवाजीनगर. नियम असा की लोणावळ्याकडून पुण्याला येताना जे आधी येतं ते लहान. लहान डावीकडे, मोठं उजवीकडे. पहिल्या झाडात खडकी वर, डावीकडे दापोडी, उजवीकडे शिवाजीनगर. दुसऱ्यात दापोडी वर, तिच्या उजवीकडे खडकी, खडकीच्या उजवीकडे शिवाजीनगर. दोन्ही झाडं डावीकडून उजवीकडे वाचा. ओळ एकच येते : दापोडी, खडकी, शिवाजीनगर. झाडं मात्र वेगळी.

आकार जपायचाच असेल तर एक युक्ती आहे. आधी नोड, मग त्याची डावी बाजू, मग उजवी. आणि जिथे पोर नसेल तिथे चक्क 'नाही' लिहायचं. पहिलं झाड होतं : खडकी, दापोडी, नाही, नाही, शिवाजीनगर, नाही, नाही. दुसरं : दापोडी, नाही, खडकी, नाही, शिवाजीनगर, नाही, नाही. आता गोंधळ नाही. फोल्डरची रचना किंवा घराण्याची वंशावळ अशीच न्यावी लागते, कारण तिथे कोण कुणाच्या खाली यालाच अर्थ असतो.

पण आपल्या परवानग्यांच्या ट्रीत आकाराला अर्थ आहे का? नाही! ती फक्त शोधायला सोपं जावं म्हणून तशी आहे. विचारलं की बरोबर उत्तर मिळालं म्हणजे झालं. म्हणून २०१९ मध्ये क्यूएमूत जीट्री पाठवायची सोय आली, तेव्हा आकार पाठवलाच नाही. आधी एकूण नोंदी किती तो आकडा. मग प्रत्येक नोंदीआधी एक बाइट, 'अजून आहे' सांगणारा. मग की, मग व्हॅल्यू. सगळं संपलं की शून्य. तिकडचा क्यूएमू एकेक नोंद आपल्या रिकाम्या ट्रीत घालतो. आकड्यापेक्षा जास्त आल्या किंवा कमी आल्या, तर मायग्रेशन तिथेच नापास. लग्नात आहेर मोजून घेतात तसं. अर्धवट ट्रीवर मशीन चालू करण्यापेक्षा नापास झालेलं परवडलं, कारण मूळ मशीन अजून जुन्या जागी शाबूत असते.

कुणी म्हणेल, क्रमाने घातल्यावर झाड एका बाजूला लोंबणार नाही का? साधी ट्री असेल तर लोंबेल, सरळ दोरीच होईल. जीट्री स्वतःला तोलून घेते. लाखभर नोंदी असल्या तरी शोधायला पंचवीसच्या आत पायऱ्या लागतात.

आता दोन बारीक गोष्टी, ज्या मुलाखतीत विचारल्या तर तुम्ही चमकाल.

पहिली, आकडे लिहायची दिशा. आपण 'पंचवीस' म्हणतो तेव्हा पाच आधी येतो, लिहितो तेव्हा दोन आधी. प्रोसेसरचंही तसंच. आपल्या लॅपटॉपमधले इंटेलचे प्रोसेसर छोटा बाइट आधी ठेवतात, काही मोठ्या सर्व्हरचे मोठा आधी. क्यूएमूने पाठवताना एकच रीत ठरवली : मोठा बाइट आधी, आणि नोंदींचा आकडा कायम ३२ बिटांचा.

दुसरी, तुलनेचा नियम. कोण लहान, कोण मोठं, हे ठरवणारं फंक्शन पाठवता येत नाही, कारण तेही शेवटी एक पॉइंटरच. ते दोन्हीकडे आधीपासून सारखंच असावं लागतं. आपल्या परवानग्यांच्या ट्रीत नियम असा आहे की एकमेकांवर येणारे दोन पट्टे 'समान' धरायचे. म्हणून पट्ट्याच्या मधला कुठलाही पत्ता विचारला तरी नोंद सापडते. तिकडे 'तंतोतंत जुळलं तरच समान' असा नियम असता, तर सगळ्या नोंदी पोचूनही मधला पत्ता सापडला नसता.

आणि दोन्हीकडे क्यूएमूची आवृत्ती वेगळी असेल तर? त्यासाठी रेड हॅटच्या अमित शहांनी (नाव तेच, माणूस वेगळा) २०१४ मध्ये एक पायथन स्क्रिप्ट लिहिली. काय काय पाठवलं जातं याचं वर्णन दोन्ही आवृत्त्यांकडून काढायचं आणि स्क्रिप्टने ताडून बघायचं. एखादं फील्ड गायब असेल किंवा आकार बदलला असेल, तर मशीन हलवायच्या आधीच कळतं. ओपन सोर्स आहे, स्क्रिप्ट उघडून वाचा. कॉलेज प्रोजेक्टएवढीच आहे.

सगळ्याचं सार एवढंच. पाठवण्याआधी स्वतःला विचारा : या स्ट्रक्चरमधलं काय फक्त इथल्या सोयीसाठी आहे आणि काय खरोखर माहिती आहे? सोय मागे ठेवा. माहिती मोजून न्या आणि तिकडे झाड पुन्हा लावा.

आता गृहपाठ. तुम्हाला येत असेल त्या भाषेत सात नोडची ट्री करा, 'नाही'वाल्या पद्धतीने फाइलमध्ये लिहा आणि मित्राच्या मशीनवर वाचा. मग फाइलमधला एक 'नाही' खोडा आणि तुमचा प्रोग्राम तक्रार करतो का ते बघा. गप्प बसला तर काम अजून संपलेलं नाही.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत नमस्कार.