जवळची औषधं, नेमका फरक



या होमिओपॅथी परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, याबद्दल मनापासून आभार. आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. दोन औषधं सारखीच लागू वाटतात, तेव्हा आपण निवड कशावरून करतो?

पुण्यात पावसाची झड लागली की सांधे धरलेले रुग्ण दवाखान्यात वाढतात, आणि आपल्यासमोर ब्रायोनिया आणि ऱ्हस टॉक्स ही जोडी उभी राहते. मटेरिया मेडिका, म्हणजे औषधांची लक्षणं सांगणारा ग्रंथ, त्यातल्या वर्णनाप्रमाणे ब्रायोनियाच्या रुग्णाला हालचाल मुळीच सोसत नाही. दुखऱ्या अंगावर दाब देऊन तो निपचित पडतो, पाणी बऱ्याच वेळानं मागतो, पण भरपूर पितो. ऱ्हस टॉक्सचा रुग्ण उठताना कण्हतो, थोडं चालला की मोकळा होतो, बसला की पुन्हा आखडतो आणि रात्रभर कूस बदलत राहतो. ओल त्याला बाधते. पण ओल डल्कामारालाही बाधते! दिवसा उकाडा आणि रात्री गारठा अशा पालटत्या हवेत दुखणं सुरू झालं असेल, तर त्याचाही विचार करावा लागतो. म्हणजे ‘सांधे दुखतात’ एवढ्यावर काहीच ठरत नाही आणि ‘पावसात दुखतात’ एवढ्यावरही पुरतं ठरत नाही. कशानं वाढतं, कशानं कमी होतं, तहान कशी आहे, रुग्ण स्वस्थ आहे की अस्वस्थ, हे सगळं एकत्र मांडल्यावरच फरक दिसतो.

होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी आपल्या ‘ऑर्गॅनन’ या ग्रंथाच्या 153व्या परिच्छेदात हेच सांगितलं. भूक मंदावणं, डोकं दुखणं, थकवा ही लक्षणं बहुतेक आजारांत आणि बहुतेक औषधांत सापडतात. निवडीसाठी वजन द्यायचं ते ठळक, वेगळ्या आणि विरळा लक्षणांना.

हा विचार रोजच्या कामाला लावण्याची शिस्त आपल्याला मुंबईच्या डॉ. शं. र. फाटक यांनी घालून दिली. त्यांची रेपर्टरी, म्हणजे लक्षणावरून औषध शोधायची सूची, वर्णानुक्रमानं लावलेली आहे. त्यांच्या मटेरिया मेडिकात औषधाच्या सर्वसाधारण लक्षणांनंतर लगेच ‘कशानं वाढतं’ आणि ‘कशानं कमी होतं’ हे येतं. मन, डोकं, पोट हे सगळं त्यानंतर. या मांडणीतच त्यांची शिकवण आहे. विद्यार्थ्यांनी औषधं एकेकटी पाठ करू नयेत, शेजारच्या औषधांसह वाचावीत.

पोटातल्या कळेचं उदाहरण घ्या. कोलोसिंथ आणि मॅग फॉस, दोन्हींत रुग्ण पोट दाबून पुढं वाकतो. मॅग फॉसला शेकानं विशेष आराम पडतो. कोलोसिंथमध्ये जोरानं दाबल्यावर बरं वाटतं आणि कळेमागं बऱ्याचदा राग किंवा अपमान गिळल्याची हकिकत असते. डायॉस्कोरियाचा रुग्ण उलट मागं वाकतो, अंग ताणतो.

मात्र इथंच मला कळकळीनं एक इशारा द्यायचा आहे. औषधांतला फरक ओळखण्याआधी आजारांतला फरक ओळखला पाहिजे. पोट दाबून वाकलेल्या त्याच रुग्णाला अपेंडिक्सची सूज असू शकते, आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. पोट लाकडासारखं कडक झालं, सतत उलट्या होऊ लागल्या किंवा डेंग्यूच्या तापात रक्तस्राव दिसला, तर रेपर्टरी मिटायची आणि रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात पाठवायचं. त्यात कमीपणा नाही, ते आपलं कर्तव्य आहे. रुग्णाची चालू असलेली आवश्यक औषधं परस्पर बंद करणं हाही गंभीर दोष आहे.

आपल्या शास्त्रावर टीका होते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेनं 2015 साली निष्कर्ष काढला की, कोणत्याही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. या निष्कर्षाकडे आपण पाठ फिरवू नये. मतभेद मोठ्या आवाजानं मिटत नाहीत. दुसऱ्याला तपासता येतील अशा नोंदी आणि काटेकोर चाचण्या आपण दिल्या पाहिजेत, आणि त्यांतून जे निघेल ते मान्य करण्याची तयारीही ठेवली पाहिजे.

त्याची सुरुवात केस पेपरपासून होते. रुग्णाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहा. ‘ठणकतं’, ‘चमक निघते’, ‘आग होते’ हे शब्द आपल्या सोयीनं बदलू नका. दिलेल्या औषधाखाली दोन ओळी जरूर लिहा: हेच का निवडलं आणि त्याच्या जवळचं का नाकारलं. पुढच्या भेटीत उतार पडला की नाही, हे तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवा. गुण न आलेल्या केसेसही आपल्या सभांमध्ये मांडा.

महाविद्यालयांतल्या अध्यापकांना माझी विनंती आहे की, परीक्षेत एका औषधाचं वर्णन विचारण्यापेक्षा दोन जवळच्या औषधांतला फरक विचारा. आणि तरुण डॉक्टरांनो, औषधाचं नाव सुचल्यावर लगेच लिहू नका. रुग्णाला आणखी एक प्रश्न विचारा, त्याला तपासा आणि मगच लिहा.